मोजा, मोझा आणि पहिली टोपली

आफ्रिकेला जाऊन आले म्हटलं की नाशिकमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘सिंह पाहिला का?’ नाही पाहिला. जिराफ पाहिले, तेही बसच्या खिडकीतून, हातात उकडलेलं अंडं धरून. मी गेले होते शेंगा फोडायला. हे ऐकलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, पण माझा इलाज नाही. जे झालं ते शेंगांमुळेच झालं.

सातपूरला आमचं लहानसं वर्कशॉप आहे आणि तिथे आम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडायचं मशीन बनवतो. वरून वाळलेल्या शेंगा टाकायच्या, खालून एका बाजूने दाणे येतात, दुसऱ्या बाजूने टरफलं. मशीन माझ्या डोक्यातून निघालेलं आहे आणि ते चांगलं आहे, हे सांगताना मी कधीच लाजत नाही. तेम्वा नावाची मलावी देशातली मुलगी नाशिकला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करायला आली होती. ती आमच्या वरच्या खोलीत राहायची आणि सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपवर येऊन बसायची. मराठी ती कॉलेजात शिकली नाही, आमच्या कामगारांकडून शिकली. त्यामुळे तिच्या बोलण्यात ‘लय’ आणि ‘नाय’ सढळ हाताने येतं, आणि मला ती मावशी म्हणते.

परत गेल्यावर तिने राजधानीतली बरी नोकरी सोडली आणि गावात शेंगा फोडायची गिरणी काढायचं ठरवलं. मशीन अर्थातच आमचं. त्या भागात बायका घरी बसून हाताने शेंगा फोडतात, महिनोन्‌महिने, अंगठ्याची कातडी सोलवटेपर्यंत. तेम्वाला वाटलं, मशीन आलं की बायका धावत येतील. तसं काही दिसेना. मशीन बोटीत असतानाच तिचा फोन आला.

“मावशी, तुम्ही या. मशीन मी चालवीन, पण पहिल्या दिवशी तुम्ही पाहिजे. आमच्या आत्याला मशीनचं काय कौतुक नाय. ते कुणी बनवलं त्याचं तोंड बघायचंय तिला. आत्या आली तर सगळ्या येतील. आत्या नाय आली तर मशीनवर कोंबड्या बसतील, अन् मी पुन्हा नोकरी शोधत फिरीन.”

मी तिकीट काढलं. आमचे हे म्हणाले, “तुला हिंदी बोलताना घाम फुटतो, तिथे काय बोलशील?” मी म्हणाले, आकडे बोलीन. धंद्यात आकडे आले की निम्मं काम होतं. मलावीला बंदर नाही, वाट टांझानियातून, म्हणून तेम्वाने फोनवर तिथे चालणाऱ्या स्वाहिली भाषेतले आकडे पाठवले, मी ते देवनागरीत उतरवून घेतले आणि वर्कशॉपमध्ये मोठ्याने घोकायला लागले. एक म्हणजे मोजा. सटाण्याकडचा आमचा फिटर भिका वेल्डिंग थांबवून माझ्याकडे बघत राहिला.

“ताई, त्या लोके एकले मोजा म्हनतस? मंग मोजाले काय म्हनतस?”

मी पुन्हा पहिल्यापासून घोकायला लागले.

दार-एस-सलाम

मशीन पुढे ट्रकने रवाना झालं होतं, मला फक्त बंदरावरच्या एजंटाकडे सह्या करायच्या होत्या. ते उरकून मी समुद्राच्या बाजूच्या एका टपरीवर गेले. हवा अंगाला चिकटत होती. चहाला तिथे चायच म्हणतात आणि चपातीला चपाती, त्यामुळे मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. मी ऐटीत म्हणाले, “चाय मोजा.”

टपरीवाला हसला. त्याने तोच शब्द परत म्हणून दाखवला. मीही म्हटला. तो आणखी हसला आणि त्याने शेजारच्या दोघांना बोलावलं. मग तिघांसमोर मी मोजा म्हटलं आणि ते तिघेही हसले. चहा मिळाला, चपातीही मिळाली, आपल्यापेक्षा जाड आणि तेलात परतलेली, फारच खमंग. पण चूक काय ते कळेना. चपाती संपत आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोष देवनागरीचा होता. आपल्याकडे ज एकच लिहितात आणि दोन बोलतात. जेवणातला ज वेगळा, जावयातला ज वेगळा. मी ‘मोजा’ लिहिलं आणि आपण शेंगा मोजतो त्या मोजण्यातला, म्हणजे जावयाचा ज लावून वाचलं. स्वाहिलीतल्या एकाला जेवणाचा ज लागतो.

ही चूक फक्त मराठी माणूसच करू शकतो, याचा मला जरा अभिमानही वाटला.

दुसरा चहा मागितला तर तो म्हणाला, “मारा मोजा.” मारू कोणाला आणि मोजू काय? नंतर कळलं की त्याचा अर्थ ‘एकदा’ आणि त्याचाच अर्थ ‘आत्ता लगेच’. चहा आला तो मात्र आपल्या सरकारी ‘लगेच’सारखा, बऱ्याच वेळाने.

म्बेयाची बस

दार-एस-सलामहून म्बेयाला जाणारी बस अंधार असतानाच सुटते आणि दिवसभर चालते. माझ्या शेजारी नीमा नावाच्या शाळेतल्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या. मांडीवर आंब्याच्या रोपाची कुंडी घेऊन त्या बसल्या होत्या आणि प्रत्येक खड्ड्याला कुंडी उचलून धरत होत्या. इंग्रजी चांगलं बोलत होत्या. मी त्यांना माझ्या ज ची कहाणी सांगितली, तेव्हा त्या इतक्या हसल्या की कुंडी मला सांभाळावी लागली.

“तुम्ही सरहद्दीपलीकडच्या लोकांसारखं बोलता,” त्या म्हणाल्या. “ते लोक आमचा मोजा असाच मऊ करतात.”

जिराफ दिसले ते याच सुमाराला. रस्ता अभयारण्याच्या मधून जातो. चार जिराफ बाभळीच्या शेंड्यांना तोंड लावून उभे होते, बसकडे त्यांनी बघितलंही नाही. पुढे नदीच्या खोऱ्यात गोरखचिंचेची झाडं लागली, डोंगरच्या डोंगर भरून, पानं झडलेली, खोडं आमच्या वर्कशॉपएवढी. त्र्यंबकच्या वाटेवर एखादं जुनं झाड दिसलं तर आपण शेंदूर फासून मोकळे होतो. इथे इतक्यांना शेंदूर कुठून पुरणार.

दुपारच्या थांब्यावर नीमाबाईंनी मला खरा धडा दिला. स्वाहिलीत एक हा एकच नसतो. माणूस एक असेल तर म्मोजा, वस्तू एक असेल तर किमोजा, घर एक असेल तर नुसता मोजा. आधी ज्याला मोजायचं तो कोण ते बघायचं, मग त्याच्या जातकुळीचं टोक एकाला लावायचं. मी म्हणाले, हे भलतंच अवघड. आमचा एक बरा, एक मुलगा, एक मुलगी, एक घर, कोणासाठी बदलत नाही.

“आणि दोन?” त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. दोन घरं, पण पुरुष दोघे. बायका दोघी. तिघे, तिघी, चौघे, चौघी. म्हणजे माणसांना वेगळं मोजायची खोड आपल्यालाही आहे, फक्त दोनापासून. नीमाबाईंना हे फार आवडलं. त्यांनी लगेच शिक्षिकेसारखा पुढचा प्रश्न टाकला, “मग एका माणसाला काय म्हणता?”

“एकटा,” मी म्हणाले. “किंवा एकटी.”

याचा अर्थ मी त्यांना सांगितला. त्यांच्याकडे एकापासून निघालेले शब्द म्हणजे उमोजा, एकी, आणि पामोजा, सगळे मिळून. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू महाराष्ट्रात सगळे जण आपापल्या खोलीत कडी लावून बसलेले असतात. हे मला सोसवेना. मी एकी, एकोपा, एकत्र, एकमेक असे शब्द एका दमात त्यांच्या पदरात टाकले आणि आमच्याकडेही एकाची बरीच पोरंबाळं आहेत, हे पटवून दिलं. त्या मान्य झाल्या. वर म्हणाल्या की त्यांच्या घरच्या भाषेत, म्हणजे न्याक्युसात, एक माणूस असेल तर जुमो म्हणतात. मोजातला जा गेलाच तिथून, नुसता मो राहिला, आणि पुढचा जु म्हणजे माणसाचं टोक. मला तो जुमो फार गोड वाटला.

म्बेयाला उतरले तर कडाक्याची थंडी. आफ्रिकेत थंडी वाजते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी पातळ साडी आणि त्यावर आमच्या ह्यांचा शर्ट अशा अवतारात लॉजचा पत्ता विचारला. एका माणसाने हात लांब करून सांगितलं, “मोजा क्वा मोजा.” मी मनात लावलं, एकामागून एक. म्हणून पहिल्या गल्लीत वळले. तिथून पुन्हा पहिल्या गल्लीत. पुन्हा पहिल्या. चौथ्या वळणाला तोच माणूस समोर उभा, हात अजून लांबच. त्याच्या म्हणण्याचा अर्थ होता, सरळ जा.

सोंगवेचा पूल

सोंगवे नदीवर पूल आहे. अलीकडे टांझानिया, पलीकडे मलावी. पलीकडे तेम्वा उभी होती, कमरेला रंगीत चितेंजे गुंडाळून. नाशिकला ती जीन्समध्येच असायची. तिने आधी मला वाकून नमस्कार केला, मग मिठी मारली, मग माझ्या अंगातला शर्ट बघून म्हणाली, “काकांचा शर्ट इथवर आला, काका नाय आले.”

मी तिला पहिलाच प्रश्न विचारला, तुमच्याकडे एकाला काय म्हणतात?

“आमच्या तुंबुका भाषेत मोझा. नुसतं मोजायचं असंल तर चिमोझा. पुढं राजधानीकडं गेलं की चिमोड्झी. झांबियात तर काही ठिकाणी नुसतं मो. अन् खाली दक्षिणेत झुलू लोक भलतंच काहीतरी म्हणतात, न्ये. ते आमच्यात नाय बसत.”

मला हे ओळखीचं वाटलं. नाशिकमध्ये आपण आहे म्हणतो, निफाडच्या खेड्यात हाय होतं, कुठे नुसतं हे होतं आणि सटाण्याच्या पुढे शे. बस तीच, रस्ता तोच, एकेका थांब्याला शब्दाचा थोडा रंग उडतो. तेम्वाने माझ्याकडून मोझा म्हणवून घेतलं आणि पास केलं. “मावशी, तुमचा ज लय मलावीवाला हाय,” ती म्हणाली. टपरीवाल्याला हे कळवायला हवं होतं.

करोंगापासून रस्ता सरोवराच्या काठाने जातो. पाण्याचा पलीकडचा काठ दिसत नाही, गंगापूर धरण पाहिलेल्या माणसाने उगाच तुलना करू नये. वाळूत पसरलेल्या बारीक माशांचा वास थेट बसमध्ये येत होता. मी मासे खात नाही हे कळल्यावर जेवणाच्या ठिकाणी जरा धावपळ झाली. मग मक्याच्या पिठाची घट्ट उकड, न्सिमा, आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी आली. पहिला घास घेतला आणि मी तेम्वाकडे बघितलं. भाजीत दाण्याचं कूट होतं. चांगलं सढळ, आमच्या घरी घालतो तसं. इतकी वर्षं ती माझ्या स्वयंपाकघरात बसून जेवली, पण तिने कधी सांगितलं नाही की तिच्या घरचीही अशीच चव असते. विचारलं तर म्हणाली, “मला वाटलं, कूट तर सगळीकडंच घालतात.”

शेवटचा टप्पा घाटाचा होता. वळणावळणाने वर चढताना तेम्वा आत्याबद्दल सांगू लागली. तिच्या आईच्या मागे आत्यानेच तिला वाढवलं. नोकरी सोडली तेव्हा आत्या तिच्याशी बरेच दिवस बोलली नव्हती. “तिला वाटतं मी शिकून येडी झाले,” ती म्हणाली. ती घाबरलेली होती, पण मी मुळीच घाबरले नव्हते. मशीन माझं होतं आणि शेंगा फुटणार हे मला माहीत होतं.

रुम्फीकडचं गाव

सकाळी अंगणात बायका जमल्या. लाल मातीचं झाडून लख्ख केलेलं अंगण, एका बाजूला विटांची शेड, शेडमध्ये आमचं मशीन आणि त्याला जोडलेलं डिझेल इंजिन. सातपूरहून निघताना भिकाने त्याला लावलेला हार वाळून तसाच लटकत होता.

आत्या आल्या. आल्या असं म्हणते, कारण त्यांच्या भाषेतही मोठ्या माणसाला अनेकवचनच लावतात. उंच, सरळ बांध्याच्या, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. कामाचं लगेच काढायचं नाही, अशी तिथली पद्धत. आधी सगळ्यांनी बसायचं, मोनिरे म्हणून विचारपूस करायची, प्रवास कसा झाला, घरी कोण कोण आहे, त्यांची तब्येत कशी आहे. मी आमच्या ह्यांच्या गुडघ्यापर्यंत सगळं सांगितलं. आत्यांनी माझे हात हातात घेऊन उलटेपालटे केले आणि अंगठ्यापाशी थांबल्या. त्यांच्या अंगठ्यांची टोकं चिरून काळी पडलेली होती, माझे अंगठे स्पॅनरने घट्टे पडलेले. हात त्यांनी लगेच सोडले नाहीत.

ठरलं असं की आधी आत्यांच्या शेंगा. टोपलीने मोजून शेंगा मशीनमध्ये टाकायच्या, मग इंजिन चालू करून निघालेले दाणे त्याच टोपलीने मोजायचे, म्हणजे सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल की हाताने फोडल्यावर निघतात तेवढेच दाणे निघाले. तेम्वा मोजणार होती, पण मी टोपली तिच्या हातून घेतली. आकडे मी तुंबुकात म्हणणार होते. चिमोझा, विविरी, वितातू, विनायी, विनकोंडे. घाटभर घोकले होते, ते कधी वापरायचे?

मी टोपली शिगोशीग भरली, मशीनच्या तोंडात रिकामी केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “लाभ!”

मग दुसरी. “विविरी!” तिसरी. “वितातू!” चौथीला मी शेंगांत हात घातला तेव्हा लक्षात आलं की अंगणातल्या सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतायत. आत्यांनी टोपलीच्या काठावर हात ठेवला होता. त्या तेम्वाला काहीतरी म्हणाल्या, हळू आवाजात. तेम्वाचा चेहरा उतरला.

“मावशी, आत्या विचारते, पहिली टोपली कुठं गेली?”

“कुठे म्हणजे? मशीनमध्ये. तुझ्यासमोर टाकली.”

“टाकली हो. पण मोजली नाय. तुम्ही चिमोझा म्हटलंच नाय.”

मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. विंचूरच्या बाजूला माझं माहेर आहे. तिथे खळ्यावर वडील पायलीने बाजरी मोजायचे, आणि एक हा आकडा त्यांनी मापावर कधी उच्चारला नाही. माझा हातही त्याच वळणाचा. टोपली भरली की तोंडातून आपोआप लाभ येतं, तोंडाने कुठलीही भाषा बोलत असले तरी. दार-एस-सलामपासून मी वाटेवरच्या प्रत्येकाकडून एक गोळा करत आले, आणि जिथे एक म्हणायची खरी गरज होती, तिथे तेवढंच म्हटलं नाही.

मागे दोन बायका आपल्या टोपल्या उचलून डोक्यावर घेत होत्या. तेम्वाने भराभर सांगितलं की दर हंगामात बाहेरचे व्यापारी स्वतःचा डबा घेऊन येतात, तळ ठोकून खोल केलेला. मोजताना मोठमोठ्याने बोलतात, मध्येच विनोद करतात, आणि त्या गडबडीत एखादं माप गिळतात. इथल्या बायका आता ओठांकडे बघत मोजतात. आणि तिने आणलेल्या पाहुणीने पहिल्याच टोपलीला तेच केलं होतं. मला दरदरून घाम फुटला. लाज वाटली, आणि राग आला तो माझ्याच जिभेचा. दिवस माझा नव्हता, त्या पोरीचा होता.

मी टोपली खाली ठेवली आणि तेम्वाला म्हणाले, सांग त्यांना लाभ म्हणजे काय ते.

“मलाच नाय माहिती,” ती कळवळून म्हणाली. “भिका पण तसंच म्हणायचा. मला वाटायचं, त्याच्या गावचा एक तसाच असंल.”

मग मी सांगत गेले आणि ती भाषांतर करत गेली. पहिलं माप शुभाचं. त्याला एक म्हटलं तर एकावरच अडेल, म्हणून लाभ म्हणायचं, म्हणजे माप वाढत जातं. मोजलेलं असतंच, फक्त नाव वेगळं. ऐकता ऐकता टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका थांबल्या होत्या, पण टोपल्या खाली ठेवत नव्हत्या. सगळ्यांचे डोळे आत्यांकडे होते.

आत्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. “लाबु. लाबु.” मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तेम्वाने तो मला सांगितला.

“कुणाचा?”

माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं, सगळ्यांचा. नाशिकला एखाद्या उद्घाटनाला बोलावलं असतं तर मी तेच म्हणाले असते आणि टाळ्याही पडल्या असत्या. पण त्या बाई माझ्या ओठांकडेच बघत होत्या. मी आठवलं. गिऱ्हाइकाला बाजरी विकताना लाभ वडील म्हणत. मजुरांना धान्य देतानाही वडीलच म्हणत. समोर पोतं उघडं धरून उभा असलेला माणूस कधीच म्हणायचा नाही. आयुष्यभर तो शब्द मी ऐकला आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

“माप ज्याच्या हातात, त्याचा,” मी म्हणाले.

तेम्वा माझ्याकडे बघत राहिली. “मावशी, असं सांगू?”

“जसंच्या तसं सांग.”

तिने सांगितलं. अंगणात जराशी कुजबुज झाली आणि विरली. आत्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. मग त्यांच्या तोंडाच्या एका बाजूला हसू आलं, सकाळपासून पहिल्यांदा. त्या जे बोलल्या ते तेम्वाने घाईघाईने मराठीत केलं. “म्हणते, व्यापारी असती तर सगळ्यांचा म्हणाली असती. म्हणते, माप इकडं दे.”

मी टोपली दिली. आत्यांनी मशीनमधल्या शेंगा पुन्हा काढायला लावल्या, सगळ्या, तळाशी अडकलेल्या चारसुद्धा. मी गुडघ्यावर बसून त्या बोटांनी काढल्या. मग त्यांनी स्वतः टोपली भरली, हाताने सपाट केली, मशीनच्या तोंडाशी नेली आणि ओतायच्या आधी सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “चिमोझा.”

इतका ठाम एक मी सगळ्या वाटेत ऐकला नव्हता. त्यानंतर विविरी, वितातू, विनायी. प्रत्येक टोपली त्यांच्याच हाताने. तेम्वाने इंजिनची दोरी ओढली. पहिल्या झटक्याला ते चालू झालं नाही, दुसऱ्यालाही नाही, तिसऱ्याला झालं. टरफलांचा धुरळा उडाला आणि खालून दाणे घरंगळायला लागले, लालसर, अख्खे. आत्यांनी ओंजळीत घेतले, फुंकर मारली, फुटलेले किती ते बोटाने वेगळे काढून बघितलं. मग एक दाणा चावला. मशीन त्यांना आवडलं की नाही ते त्या बोलल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की या गिरणीत माप कायम ज्याच्या शेंगा त्याच्या हातात राहील, आणि तेम्वाने फक्त इंजिन बघायचं. तेम्वाने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते धुरळ्यावर ढकलत होती.

मघाशी टोपली डोक्यावर घेऊन निघालेली एक तरुण बाई पुढे आली. तिने टोपली उतरवली आणि स्वतःच्या हाताने उचलून मशीनशी नेली. ओतायच्या आधी तिने माझ्याकडे बघितलं, खट्याळपणे, आणि ओरडली, “लाबु!”

सगळं अंगण हसलं. मीही हसले. आत्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बसल्या जागेवरून तिला विचारलं, आणि या वेळी तेम्वाने भाषांतर करायच्या आधीच मला कळलं.

“कुणाचा?”

“माझा!” ती बाई म्हणाली, आणि तिने टोपली ओतली.